पालथ्या वाटीखालचा पहिला काप

कळवणच्या शाळेत मी आठवीच्या वर्गावर होतो. शिपाई दारात आला आणि नेहमीसारखा सरळ आत न येता तिथेच घुटमळला, त्यावरूनच मला कळलं. "सर, नाशिकहून फोन व्हता... तुम्हाला लगेच निघाया सांगितलंय." मी खडू पेटीत ठेवला, पोरांना धडा वाचत बसायला सांगितलं आणि स्टँडवर गेलो. गाडी वणीला नेहमीसारखी थांबली. देवीच्या गडावरून उतरलेल्या बायका कपाळभर कुंकू लावून, नारळाच्या पिशव्या सांभाळत चढल्या. कंडक्टर चहाला उतरला म्हणून मीही उतरलो. घरात माणूस गेलंय आणि आपण स्टँडवर उभं राहून चहा पितोय, याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. गेलं वर्षभर वहिनींच्या छातीत पाणी होत होतं. ते काढायचं, पुन्हा व्हायचं, पुन्हा काढायचं... त्या दमल्या होत्या, दादा दमला होता, त्यांची लेक उषा रजा काढून काढून दमली होती, आणि मी दर शनिवारी कळवणहून नाशिक, रविवारी संध्याकाळी पुन्हा कळवण, असं करून इतका शिणलो होतो की रडायलासुद्धा अंगात काही शिल्लक नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा वहिनींना पांढरी साडी नेसवून बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. विहारातल्या बायका पंचशील म्हणत होत्या. दादा भिंतीला टेकून बसला होता, मला बघून त्याने नुसती मान हलवली. पाणी प्यायला म्हणून मी आत गेलो. ओट्याच्या वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, स्टीलची एक वाटी पालथी घातलेली होती. मी ती उचलली. खाली रविवारचा पावाचा काप होता, वाळून त्याच्या कडा वर वळल्या होत्या. वाटी मी परत होती तशी पालथी घातली, आणि मग तिथेच फळीला हात टेकून मला पहिल्यांदा रडू आलं.

ती वाटी कुणासाठी होती हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. जिच्यासाठी होती, तिला तेवढं माहीत नव्हतं. वहिनींना जाऊन आता काही आठवडे झाले. त्यांच्याविषयी लिही असं उषा सारखी म्हणते, आणि लिहायला बसलं की मला दुसरं काही न दिसता ती वाटीच दिसते. तेव्हा तिच्यावरूनच सांगतो.

वहिनींचं नाव कौसल्या. माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाला सरकारी नोकरी लागली, नाशिकरोडला क्वार्टर मिळालं आणि कॉलेजसाठी त्यांनी मला आपल्याकडे ठेवून घेतलं, म्हणजे सत्तर-एकाहत्तरपासून मी वहिनींच्या हातचं जेवत आलो. त्यांचं माहेर येवल्याकडचं, पण त्या वाढल्या देवळाली कॅम्पात. वडील तिथे गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये आधी भांडी घासायला लागले आणि मग हळूहळू पाव भाजायला. साहेब लोक सरावाला रानात जायचे तेव्हा त्यांच्यासोबत पावाचं कोरडं पीठ डब्यांतून जायचं. मैदा, गव्हाचं बारीक पीठ, दुधाची पावडर, साखर, मीठ, सगळं आधीच मापात कालवून ठेवलेलं. तिथे गेल्यावर फक्त यीस्ट आणि कोमट पाणी घालायचं, मळायचं, भाजायचं. गोरे गेले, पण पिठाचं माप वहिनींच्या वडिलांच्या हातात राहिलं आणि तिथून ते वहिनींच्या हातात आलं. आमच्या घरात त्याला 'कॅम्पाचं पीठ' म्हणत. वडिलांविषयी बोलताना वहिनी एक गोष्ट हमखास सांगायच्या. "बाबांच्या हातचा पाव विलायतेच्या माणसानं बोटं चाटून खाल्ला, भाऊजी. पण गावाकडं त्यांच्या हातचं पाणी कोणी घेतलं नाय." सांगताना त्यांच्या आवाजात राग नसायचा. हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या.

शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात जुनं धुतलेलं लुगडं अंथरून पीठ तयार व्हायचं. दादा चाळायचा. ऑफिसात ज्याच्यासमोर कारकून चळाचळा कापायचे तो माझा भाऊ चाळणी हातात घेतली की अगदी गरीब व्हायचा, कारण वहिनी मागून पिठाची बारीकी बघत उभ्या असायच्या. मग ते डालड्याच्या डब्यांत भरून फळीवर. रविवारी सकाळी कॅम्पातल्या बेकरीतून दादा सायकलवर यीस्ट आणायचा, कागदाच्या पुडीत. वहिनी पाणी मनगटावर टाकून बघायच्या. "आंघोळीचं नको, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पायजे," असं त्यांचं पाण्याचं माप. मळायचं काम माझ्याकडे. पुढे मी मास्तर झाल्यावर तर सुटकाच नव्हती. "भाऊजी, पोरांना बडवून हाताला जोर आला आसंल, तो इथं लावा जरा," असं म्हणून त्या परात माझ्यापुढे सरकवायच्या. नाशिकच्या थंडीत पीठ फुगायला मागत नाही, म्हणून परात गोधडीत गुंडाळून पलंगावर ठेवायची. एकदा दादा ऑफिसचा पेपर वाचता वाचता त्या गोधडीला टेकून झोपी गेला आणि त्या रविवारी आम्ही पावाऐवजी पोळ्यासारखं काहीतरी खाल्लं. वहिनी आठवडाभर त्याला उठता बसता विचारायच्या, "आता कुठं टेकताय, बघून टेका हां."

सुरुवातीला पाव भाजायचा तो मोठ्या पातेल्यात वाळू तापवून, झाकणावर निखारे ठेवून. पुढे दादाने तो गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन आणला, झाकणाला मधोमध काच असलेला. आम्ही चौघं, म्हणजे दादा, वहिनी, छोटी उषा आणि मी, त्या काचेभोवती डोकी लावून बसायचो. आत पाव हळूहळू वर यायचा आणि वास सगळ्या कॉलनीत जायचा. हा वास जिथे जिथे गेला त्यातलं एक घर म्हणजे मालतीबाईंचं.

मालतीबाई आमच्या पाठीमागच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. दोन परसांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. घरात त्या, त्यांचे यजमान आणि सोवळ्यातल्या सासूबाई. मालतीबाई आणि वहिनी एकाच वयाच्या, आणि भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून त्यांची जी मैत्री झाली तशी मी दुसऱ्या दोन बायकांत पाहिली नाही. मालतीबाईंनी वहिनींना वर्तमानपत्र वाचायला शिकवलं. भिंतीवर पेपर पसरायच्या आणि बोट ठेवून ओळ ओळ वाचून घ्यायच्या. वहिनींना वाचता यायला लागलं त्या दिवशी मालतीबाईच जास्त रडल्या. उषा तापाने फणफणली तेव्हा भिंत ओलांडून येऊन त्या तिच्या उशाशी बसल्या, कपाळावरच्या पट्ट्या बदलल्या. म्हणजे हाताला हात लागला तर चालायचं. हाताने केलेलं चालत नव्हतं.

पहिल्यांदा वहिनींनी गरम पाव फडक्यात गुंडाळून भिंतीवरून दिला तेव्हा मालतीबाई म्हणाल्या, "आज चतुर्थी हो, उपास आहे माझा." पुढच्या वेळी दाढ दुखत होती. तिसऱ्या वेळी त्यांनी घेतला, "संध्याकाळी ह्यांच्याबरोबर खाते," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना उषाने कॉलनीच्या फाटकाशी गाईला तो पाव खाताना पाहिलं. फडकं आमचंच होतं, त्यामुळे शंका नव्हती. उषाने ते जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. दादाचा घास हातातच राहिला. वहिनी म्हणाल्या, "गाईनं खाल्ला ना? मग वाया नाय गेला." आणि सगळ्यांना आमटी वाढली.

तरी मालतीबाईंना पाव हवा होता. त्यांच्या यजमानांच्या पोटात अल्सर होता, डॉक्टरांनी टोस्ट आणि दूध सांगितलेलं, आणि बेकरीचा पाव त्या घरात येऊ शकत नव्हता. कुणी मळला, कशाने मळला, कोण जाणे, असं सासूबाईंचं म्हणणं. घरचा पाव मात्र चालणार होता, स्वतःच्या हाताने केलेला. एक दिवस मालतीबाई भिंतीशी येऊन अवघडून म्हणाल्या, "कौसल्याबाई, ते तुमचं पीठ... कोरडंच असतं ना ते? तेवढं द्याल का? मी घरी करून बघेन." कोरडं. हा शब्द माझ्या कानाला टोचला, दादाच्याही टोचला असणार. कोरडा शिधा कुणाकडूनही घेता येतो, पाणी लागलं की प्रश्न येतो, हे आम्हाला काही कुणी नव्याने शिकवायला नको होतं. आईबापाने धम्म घेतला तरी आजूबाजूचे लोक तेच होते. पण वहिनींचा चेहरा उजळला. त्यांनी डबा भरून दिला, माप सांगितलं, यीस्ट दिलं, पाणी कसं बघायचं ते मनगटावर हात धरून दाखवलं.

आणि मालतीबाईंचा पाव काही केल्या फुगेना. दर आठवड्याला त्या भिंतीशी येऊन रडकुंडीला यायच्या. "विटेसारखा होतो हो. ह्यांना चावत नाही." वहिनींनी यीस्ट बदलून दिलं. पाणी बदललं. गोधडी दिली, तीही चालली, कारण ती पांघरायची असते. उन्हात ठेवून बघा म्हणाल्या. त्या पावाने वहिनींची झोप उडवली होती. आमच्याकडे तेच पीठ टम्म फुगायचं आणि भिंतीपलीकडे मरून पडायचं, याचं त्यांना कोडं पडलं होतं. शेवटी एका रविवारी त्या म्हणाल्या, "मी जाऊन बघतेच," आणि भिंत ओलांडून मालतीबाईंच्या मागच्या दाराशी गेल्या.

आल्या त्या लगेचच आल्या. आम्ही तिघंही ओव्हनभोवती होतो. त्या परातीपुढे बसल्या. मग सांगितलं. मालतीबाई कढईत ते पीठ भाजत होत्या. भाजणीसाठी धान्य भाजतात तसं, खमंग, तांबूस होईपर्यंत. सासूबाई पाटावर बसून सांगत होत्या, "खालपर्यंत नीट हलव गं. विस्तवावरून गेलं की मग दोष नाही." मालतीबाईंनी दारात वहिनींना पाहिलं आणि उलथणं थांबलं. "कीड लागू नये म्हणून हो, कौसल्याबाई..." असं काहीतरी त्या म्हणाल्या. वहिनी एवढंच बोलल्या, "मैदा भाजला की त्याची चिकटी मरती, मालतीबाई. मग तो फुगत नाय."

दादा भडकला. मी त्याला एवढा चिडलेला आधी कधी पाहिला नव्हता. "आजपासून त्या घरात चिमूटभर पीठ जायचं नाय. आपलं पीठ जाळून शुद्ध करतात आणि तू त्यांचा पाव फुगंना म्हणून रात्र रात्र जागतीस!" वहिनींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "त्या माणसाच्या पोटात जखम हाय. तो काय खाईल?" आणि पुढच्या शनिवारी त्यांनी एक वेगळं पीठ केलं. मैद्याशिवायचं. मालतीबाईंना भिंतीपाशी बोलावून त्या म्हणाल्या, "मैदा तुम्ही तुमचा दुकानातून आणा, आणि तो भाजू नका. माझं हे बाकीचं काय भाजायचं ते खुशाल भाजा. मग दोन्ही एकत्र करा." इतक्या सरळ आवाजात, जसं काही शेजारणीला लोणच्याचा मसाला सांगतायत. मालतीबाई खाली मान घालून ऐकत होत्या. मी परसात दोरीवर कपडे वाळत घालत होतो आणि मला वहिनींचा भयंकर राग आला. आपलाच अपमान दुसऱ्याला सोयीचा करून द्यायचा, ही कुठली रीत?

त्या रविवारी मालतीबाईंचा पाव फुगला. त्या ताटलीत घेऊन धावत भिंतीशी आल्या, चेहरा नुसता फुललेला. "बघा, बघा, कौसल्याबाई! घ्या, आधी तुम्ही घ्या!" आणि आम्ही तो खाल्ला. आम्हाला चालतो. आम्हाला सगळ्यांच्या हातचं चालतं. वर त्या भाजलेल्या पिठाने पावाला असा काही खमंग वास आला होता की दादाने कपाळाला आठ्या घालून दुसरा काप उचलला. वहिनी त्याच्याकडे बघून हसल्या. मग आमचा पाव ओव्हनमधून निघाला, वहिनींनी नेहमीसारखा कापला, आणि पहिला काप बाजूला काढून फळीवर ठेवला. वर वाटी पालथी घातली. "हा कुणाचा?" उषाने विचारलं. "मालतीचा," त्या म्हणाल्या. "कधी आली आत, तर असूंदे."

त्यानंतर प्रत्येक रविवारी पहिला काप वाटीखाली गेला. सोमवारी सकाळी तो आमच्यापैकी कुणीतरी चहात बुडवून खायचं. मालतीबाईंना याचा पत्ता नव्हता, कारण त्या भिंतीशी यायच्या, फार तर मागच्या पायरीपर्यंत, तिथून पीठ घेऊन जायच्या. "आत या ना," वहिनी म्हणायच्या. "येते हं एकदा निवांत," मालतीबाई म्हणायच्या. हे 'एकदा निवांत' मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलं की माझ्या वर्गातल्या पोरांनी तसं म्हटलं तरी माझं डोकं उठतं. मी एकदा वहिनींना स्पष्टच विचारलं, कशाला हा खटाटोप? त्या परात धूत होत्या. म्हणाल्या, "मला तिच्याकडून काय बी नको, भाऊजी. तिनं मला वाचाया शिकवलं, लय केलं माझ्यासाठी. फक्त माझ्यासमोर बसून एक काप खावा. येवढंच हाय माझं." मग थोडं थांबून, "सासूबाई हायेत तोवर तिला जड जातंय. मला कळतं की."

सासूबाई गेल्या. वहिनी भेटायला गेल्या, बाहेरच्या खोलीत बसून आल्या. मग त्या वाट बघायला लागल्या. मला ते दिसायचं... रविवारी मागच्या दारात जरा जास्त वेळ उभं राहणं, धुतलेली साडी नेसणं, ओटा पुन्हा पुसणं. मालतीबाई आल्या, भिंतीशी. डबा पुढे केला. "आता कोण हाय बोलायला? या आत," वहिनी म्हणाल्या. मालतीबाईंनी मागे वळून आपल्याच घराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "येते हं एकदा निवांत." त्या दिवशी ओव्हनपाशी बसल्यावर वहिनी मला हळूच म्हणाल्या, "सासूबाई गेल्या भाऊजी, पण कढई काय उतरली नाय." त्यांना दमलेलं मी खरं पाहिलं ते त्या दिवशी. चाळिशीसुद्धा धड उलटली नव्हती त्यांची, आणि उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला.

दादा निवृत्त झाला, क्वार्टर सुटलं, सिडकोच्या बाजूला दोन खोल्या बांधून ते तिकडे गेले. मी तोपर्यंत कळवणला लागलो होतो. मध्ये भिंत उरली नव्हती, म्हणून मालतीबाई रिक्षा करून पीठ न्यायला यायच्या. यजमान गेल्यावरही यायच्या. आता त्यांना स्वतःलाच त्या पावाची सवय झाली होती. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायच्या, तोंडभरून गप्पा मारायच्या. पाणी पुढे केलं की "आत्ताच पिऊन निघाले." वहिनी आजारी पडल्यावर तर त्या वारंवार आल्या, पलंगावर बसून त्यांचे सुजलेले पाय चेपून द्यायच्या, हे मी खोटं सांगणार नाही. त्या माउलीने पाय चेपले. आणि उषाने बशीत दोन काप आणून ठेवले तर म्हणाल्या, "ठेव गं, निघताना घेते." निघताना विसरल्या. बशी तशीच राहिली. वहिनींनी तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "दमले हो भाऊजी. मळून नाय दमले. वाट बघून बघून दमले."

त्यांच्या शेवटच्या रविवारी मीच पाव केला. त्या पलंगावरून सूचना करत होत्या, आवाज अगदी बारीक झालेला. "आजून मळा... आजून. चोरी करू नका." कापल्यावर म्हणाल्या, "मालतीचा ठेवला का?" मी वैतागून म्हणालो, "वहिनी, आता पुरे करा की." त्यावर हसल्या. "ठेवा हो. तुमचं काय जातंय?" मी ठेवला. तोच काप मला चार दिवसांनी त्या फळीवर सापडला.

वहिनींच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी सकाळी उषाने शेवटचा डबा काढला. वहिनींनी अंगात ताकद होती तेव्हा करून ठेवलेलं कॅम्पाचं पीठ, पुन्हा होणार नव्हतं. माप आम्हाला तोंडपाठ आहे, पण ते लुगडं अंथरून बसणारं कुणी नाही. पाव चांगला झाला नाही. घरभर माणसं, खिरीचं पातेलं उतरवायची घाई, कुणाला धीर नव्हता, पीठ पुरतं फुगायच्या आधीच भाजायला टाकलं. उषाने कापला आणि पहिला काप उचलून फळीवर वाटीखाली ठेवला. तिच्या लक्षातही आलं नसावं, हाताला सवय.

मालतीबाई उशिरा आल्या, लोक पांगल्यावर. वहिनींच्या तसबिरीपुढे फुलं ठेवली, बराच वेळ बसल्या. रडून रडून चेहरा सुजला होता. मग उषाला भेटायला म्हणून त्या पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात आल्या. उषा भांडी आवरत होती, मी दारात उभा होतो. मालतीबाईंची नजर फळीवर गेली. बोलायला काहीतरी हवं म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "हे काय झाकून ठेवलंयस गं?"

उषाने हात थांबवले नाहीत. "तो तुमचा आहे, काकू. दर रविवारी असायचा. क्वार्टरमध्ये होतो तेव्हापासून."

"माझा?"

"पहिला काप तुमचा. आई ठेवायची. तुम्ही कधी आत आलात तर म्हणून."

मालतीबाईंनी ओट्याची कड धरली. बाहेरच्या खोलीत दादा बसला होता, दिवसभरात तो कुणाशी बोलला नव्हता. तिथूनच त्याचा आवाज आला, चिडका नाही, नुसता थकलेला. "राहू द्या, मालतीबाई. नाय घेतला तरी चालंल. आम्हाला सवय हाय."

त्यांनी वाटी उचलली. काप हातात घेतला, आणि खुर्ची शोधत न बसता खाली फरशीवरच बसल्या, ओव्हनपाशी, जिथे वहिनी बसायच्या. बरोबर चहा नाही, दूध नाही, कोरडाच खाल्ला. दडस झालेला होता, चावायला वेळ लागत होता. संपल्यावर त्यांनी पदरावरचा चुरासुद्धा वेचून तोंडात टाकला आणि आमच्या कुणाकडे न बघता म्हणाल्या, "असा लागतो होय हा..."

इतकी वर्षं त्यांनी हेच पीठ खाल्लं होतं. मला तेव्हा बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. राग आला, आणि तोही पुरता आला नाही, मध्येच थकला. दोन महिने आधी हे झालं असतं तर काय बिघडलं असतं? पलंगावर पडल्या पडल्या वहिनींनी बघितलं असतं, काहीतरी चेष्टा केली असती, दडस झालाय म्हणून मला बोल लावला असता. आता खाल्ला तो कुणाला सांगू? मी मालतीबाईंना रिक्षापर्यंत पोचवलं. चढताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. डबा त्यांनी मागितला नाही, आणि द्यायला आमच्याकडेही नव्हता.

परत आलो तेव्हा उषा वाटी घासत होती. घासून, पुसून तिने ती फळीवर ठेवली, मिठाच्या बरणीशेजारी, पालथी. ओव्हन आता वरच्या माळ्यावर गेलाय. मी शनिवारी जातो तेव्हा बघतो, दादा सकाळी चहाला उठला की आधी ती वाटी उचलतो, खाली बघतो, आणि पुन्हा पालथी घालून ठेवतो. मग चहा गाळायला घेतो.